पाकीट डाव्या खिशात: परवान्याचं पिस्तूल आणि अमेरिकेतला पोलीस

ह्यूस्टनच्या पश्चिमेला एका शूटिंग रेंजच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांवर आम्ही पंधरा-सोळा जण बसलो होतो. टेक्ससमध्ये हँडगन बाळगायचा परवाना काढायचा तर हा चार ते सहा तासांचा वर्ग करावा लागतो आणि मग 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोलीस होते. कायद्याचं पुस्तक उघडायच्या आधी ते म्हणाले, "तुमची पाकिटं कुठे आहेत, हात लावून दाखवा." जवळजवळ सगळ्यांचे उजवे हात मागच्या खिशाकडे गेले. "आता पिस्तूल कुठे लावणार ते दाखवा." तेच हात चार बोटं वर सरकले, कमरेच्या उजव्या बाजूला. गृहस्थ हसले. "आज घरी गेलात की पाकीट डाव्या खिशात टाका. बाकीचं सगळं यानंतर."

गाडी थांबवली की पोलीस पहिल्यांदा लायसन्स मागतो. लायसन्स पाकिटात, पाकीट उजव्या खिशात आणि पिस्तूल त्याच्या शेजारी. तुम्ही बिचारे सांगितलेलं ऐकत असता. खिडकीबाहेर उभ्या असलेल्याला मात्र एवढंच दिसतं की याचा हात कमरेकडे गेला. पुढचा विचार करायला त्याच्याकडे सेकंद-दोन सेकंद असतात. परवाना, कायदा, सुप्रीम कोर्ट हे सगळं या चार बोटांच्या आसपास फिरतं, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

आता थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे शस्त्र परवाना ही दुर्मीळ गोष्ट. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली शहरात पोलीस आयुक्त आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी तो देतात, जिवाला धोका का आहे ते पटवून द्यावं लागतं, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. अमेरिकेत गाडी उलट्या टोकाकडून सुरू होते. शस्त्र बाळगणं हा 1791 पासून घटनादुरुस्तीतला हक्क आहे. तो व्यक्तीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने 2008 साली स्पष्ट केलं, आणि तो घराच्या उंबऱ्याबाहेरही चालतो हे जून 2022 मध्ये. त्या दुसऱ्या निकालाआधी न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घेऊन फिरायचं तर 'मला इतरांपेक्षा खास गरज आहे' असं सिद्ध करावं लागे. ती अट गेली. आणि 2024 पर्यंत 29 राज्यांनी परवान्याचीच सक्ती काढून टाकली होती. टेक्ससने हे 1 सप्टेंबर 2021 पासून केलं. तरीही लोक परवाना काढतात, कारण दुसऱ्या राज्यात गेलं की त्याचा उपयोग होतो. त्याबद्दल पुढे.

'कन्सील्ड कॅरी' म्हणजे पिस्तूल दिसू न देता बाळगणं. शर्ट किंवा जाकिटाखाली, बहुधा पँटच्या पट्ट्याच्या आत बसणाऱ्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. वाकल्यावर शर्टावर आकार उमटला तर त्याला इथले लोक 'प्रिंटिंग' म्हणतात. दिसत नाही, त्यामुळे पोलिसाला कळत नाही. मग सांगायचं की नाही?

इथे गोंधळ सुरू होतो, कारण पन्नास राज्यांची पन्नास तऱ्हा. मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवलं की विचारायची वाट न बघता लगेच सांगावं लागतं. नाही सांगितलं तर पहिल्या वेळी 500 डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. शेजारच्या ओहायोमध्येही असंच बंधन होतं, पण जून 2022 मध्ये कायदा बदलला आणि आता पोलिसाने विचारलं तरच सांगायचं. मिनेसोटातही विचारलं तर. टेक्ससमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल जवळ असलं, तर परवानाधारकाने लायसन्स आणि परवाना ही दोन्ही कार्डं द्यायची. पण न देण्याची शिक्षा 2009 मध्येच काढून टाकली, त्यामुळे नियम आहे आणि दात नाहीत. मेन राज्याची तऱ्हा सगळ्यात मजेशीर: परवाना नसेल तर ताबडतोब सांगायचं बंधन, परवाना असेल तर नाही. म्हणजे ओहायोच्या सीमेवरच्या टोलेडोहून निघून तासाभरात तुम्ही मिशिगनमध्ये खोलवर शिरता, आणि जे गप्प राहणं मघाशी कायदेशीर होतं त्याला आता दंड असतो. रस्त्याकडेच्या हिरव्या पाटीवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

कायदा सांग म्हणत नसतानाही सांगावं का? माझं मत असं की हात स्टिअरिंगवर ठेवून, आवाज न चढवता सांगावं. बऱ्याच राज्यांत तुमचं लायसन्स संगणकात टाकलं की परवान्याची नोंद पोलिसाला तशीही दिसते, आणि त्याला ती स्वतः सापडण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेली बरी. फक्त वाक्य कसं सुरू होतं ते महत्त्वाचं. "माझ्याकडे गन आहे" हे वाक्य काचेच्या पलीकडे, ट्रकच्या आवाजात, गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याला अर्धंच ऐकू जातं, आणि ते कुठलं अर्धं असेल ते सांगायला नको. आमच्या गृहस्थांनी घोटून घेतलेलं वाक्य परवान्यापासून सुरू होतं: "ऑफिसर, मी लायसन्स टू कॅरीधारक आहे, आज सोबत आहे, उजव्या कमरेला. काय करू ते सांगा." आणि मग थांबायचं. काहीही काढायचं नाही, दाखवायचं नाही, शर्ट वर करून 'हे बघा' तर मुळीच नाही. 'पाकीट डाव्या खिशात आहे, डावा हात नेऊ का?' असं विचारायचं, हो म्हटल्यावरच न्यायचा.

आपणहून, शांतपणे सांगूनही माणूस मेल्याचं उदाहरण आहे, आणि ते टाळून या विषयावर लिहिणं खोटेपणाचं होईल.

6 जुलै 2016 ची संध्याकाळ. मिनेसोटात सेंट पॉलला लागून फाल्कन हाइट्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे फिलँडो कॅस्टिल या 32 वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाची गाडी हेरोनिमो यानेझ या पोलिसाने थांबवली. कॅस्टिल एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायचा. शेजारी त्याची मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पोलिसाने त्याला सांगितलेलं कारण होतं मागचा दिवा. खरं तर यानेझने रेडिओवर कळवलं होतं की हा माणूस एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो. लायसन्स आणि विमा मागितला. कॅस्टिलने विम्याचा कागद दिला आणि मग शांतपणे, सर म्हणून, सांगितलं की माझ्याजवळ शस्त्र आहे. त्याच्याकडे परवाना होता. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे विचारल्याशिवाय सांगायचं बंधनही नव्हतं. यानेझ म्हणाला, मग त्याला हात घालू नको. कॅस्टिल म्हणाला, मी काढत नाहीये. मैत्रीणही तेच म्हणाली. यानेझ ओरडला आणि त्याने सात गोळ्या झाडल्या. त्यातल्या पाच लागल्या. पुढची काही मिनिटं त्या मैत्रिणीने फेसबुकवर थेट दाखवली.

यानेझवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि 16 जून 2017 ला ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. तो काय म्हणाला? की मला वाटलं हा पिस्तूल काढतोय. मैत्रीण म्हणाली, तो पाकीट काढत होता.

प्रशिक्षण वर्गात हा व्हिडिओ दाखवतात आणि 'पोलीस लायसन्स दे म्हणाला तरी आधी हात वर' असं शिकवतात. ते बरोबरच आहे. कागद दे हा एक हुकूम आणि हात घालू नको हा दुसरा, दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. अशा वेळी हात गोठवणं हाच एक उपाय. पण तेच वाक्य, त्याच स्वरात, ह्यूस्टनच्या उपनगरातला एखादा गोरा आजोबा बोलतो तेव्हा पोलीस "बरं, तुम्ही तुमचं काढू नका, मी माझं काढत नाही" असा विनोद करून मोकळा होतो. हा विनोद मी दोघांच्या तोंडून ऐकलाय. आपण तपकिरी लोक या दोन टोकांच्या मध्ये नेमके कुठे बसतो ते गावावर, वेळेवर आणि उच्चारांवर अवलंबून असतं. शिष्टाचार पाळला की धोका शून्य, असं कुणी सांगत असेल तर त्याने कॅस्टिलबद्दल वाचलेलं नाही.

पोलिसाला काय काय करता येतं? तो तुम्हाला गाडीतून उतरायला सांगू शकतो, कारण देण्याची गरज नाही. हे 1977 च्या एका निकालाने ठरलं, आणि तो निकाल आपल्या विषयाला चिकटूनच आहे: फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी एका गाडीवाल्याला थांबवलं, उतरायला सांगितलं, उतरल्यावर जाकिटाखाली फुगवटा दिसला, चाचपलं तर भरलेलं रिव्हॉल्व्हर. कोर्ट म्हणालं, उतरायला सांगण्यात फारसा त्रास नाही आणि पोलिसाच्या जिवाचा प्रश्न आहे. 1997 मध्ये हाच नियम बरोबरच्या प्रवाशांनाही लागू झाला. अंगावरून हात फिरवून चाचपण्याचा अधिकार त्याच्याही आधीचा, 1968 चा. त्यासाठी मात्र हा माणूस सशस्त्र आणि धोकादायक आहे असा वाजवी संशय लागतो.

'सशस्त्र आणि धोकादायक' यातल्या 'आणि'वर वकिलांची घरं चालतात. परवाना असलेला माणूस सशस्त्र आहे हे कबूल, पण तो धोकादायक कसा? व्हर्जिनिया, मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलिना ज्याच्याखाली येतात त्या अपील कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं की कायद्याने थांबवलेल्या माणसाजवळ शस्त्र असेल तर तेवढ्यावर तो धोकादायक धरायला हरकत नाही, परवाना असो वा नसो. याउलट ओहायो आणि मिशिगनवरच्या अपील कोर्टासमोर 2015 मध्ये टोलेडोतल्या एकाचं प्रकरण आलं. तो कमरेला उघडं पिस्तूल लावून कुत्रा फिरवायला निघाला होता आणि पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या. कोर्टाने विचारलं, राज्याने जी गोष्ट करायला परवानगी दिली आहे ती केली म्हणून संशय कसा घेता? म्हणजे व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन डीसीच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाचा परवाना आणि ओहायोतल्या क्लीव्हलंडमधल्याचा परवाना, दोन्हींचं वजन रस्त्यावर सारखं नसतं.

आता राज्याची सीमा. ड्रायव्हिंग लायसन्स पन्नासही राज्यांत चालतं. पिस्तुलाचा परवाना चालत नाही. कुठलं राज्य कुणाचा परवाना मानतं याचा तक्ता घर सोडताना बघावा लागतो, आणि तो बदलत राहतो. 2013 मध्ये फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांना एकटीने वाढवणारी एक बाई अटलांटिक सिटीकडे निघाली होती. पेनसिल्व्हेनियाचा परवाना पर्समध्ये, पिस्तूल पर्समध्ये. न्यूजर्सीत पोलिसाने वाहतुकीच्या किरकोळ कारणासाठी थांबवलं, तेव्हा तिने आपणहून, प्रामाणिकपणे सांगितलं. न्यूजर्सी पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली, काही वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली, आणि शेवटी 2015 मध्ये राज्यपाल ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. तेच अटलांटिक सिटी, जिथे 2022 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं आणि आपले हजारो लोक आजूबाजूच्या राज्यांतून गाड्या घेऊन गेले. एखाद्याच्या ग्लव्ह बॉक्समध्ये विसरलेलं पिस्तूल असतं तर त्याचं अधिवेशन वेगळंच झालं असतं. परवाना चालत नसलेल्या राज्यातून जावंच लागलं, तर पिस्तूल रिकामं, कुलूपबंद डब्यात, डिकीत, गोळ्याही तशाच, हे केंद्रीय कायद्यातलं संरक्षण आहे. पण ते थेट पलीकडे जाणाऱ्या प्रवासापुरतं, आणि न्यूजर्सीसारख्या ठिकाणी ते कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागू शकतं.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, जी रेंजवरच्या वर्गात कुणी सांगत नाही कारण तिथे बसलेले बहुतेक जन्माने नागरिक. तुम्ही एच-वन-बी (नोकरीच्या), एच-फोर (नोकरदाराच्या कुटुंबाच्या) किंवा एफ-वन (विद्यार्थ्याच्या) व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने शस्त्र किंवा गोळी जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि 2022 पासून त्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काही अपवाद आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला, पण त्यावर विसंबून कंबर बांधण्याआधी वकिलाला पैसे द्या. ग्रीन कार्ड असलं की ही आडकाठी नाही. 'आमच्या राज्यात परवाना लागतच नाही' हे ऐकून एखादा विद्यार्थी मित्राचं पिस्तूल गाडीत ठेवतो तेव्हा त्याला हा फरक पोलिसाच्या खिडकीपाशी कळतो.

गाडीबाहेरचा प्रसंग वेगळा आणि जास्त भीतीदायक. जून 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडा शहरात एका बंदुकधाऱ्याने पोलिसाला ठार केलं. जॉनी हर्ली हा चाळीस वर्षांचा माणूस जवळच्या दुकानात होता, त्याच्याजवळ छुपं पिस्तूल होतं. तो धावत बाहेर आला आणि त्याने मारेकऱ्याला टिपलं. मग त्याने मारेकऱ्याची रायफल उचलली. दुसऱ्या पोलिसाने काय पाहिलं? एक जण हातात रायफल घेऊन उभा. त्याने हर्लीला गोळी घातली. पोलिसावर फौजदारी खटला झाला नाही. 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन करताना आधी स्वतःच्या कपड्यांचा रंग सांगा आणि पोलीस येण्याआधी पिस्तूल म्यानात घाला, हे आता वर्गात आवर्जून सांगतात. वर्दी नसलेल्या माणसाच्या हातातलं शस्त्र कुणाच्या बाजूचं आहे हे लांबून ओळखू येत नाही.

या सगळ्याचा अनुभव मला मिळाला तो शेजारच्या सीटवर. नागपूरकडचा माझा मित्र गाडी चालवत होता, परवाना आणि पिस्तूल दोन्ही त्याच्याजवळ. मागे भारतातून आलेले त्याचे आईबाबा. रात्री साडेनऊला हायवेच्या कडेला मागून लाल-निळे दिवे आले. त्याने गाडी बाजूला घेतली, बंद केली, आतला दिवा लावला, चारही काचा खाली केल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर. अगदी पुस्तकातल्यासारखं. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

बाबा उतरत होते.

पन्नास वर्षांची सवय. आपल्याकडे चौकात मामांनी शिट्टी मारली की माणूस काय करतो? गाडीतून उतरतो, कागदपत्रं काढत काढत त्यांच्याकडे चालत जातो, "साहेब, काय झालं?" म्हणतो. गाडीत बसून राहणं हा उर्मटपणा. पोलिसाकडे चालत जाणं म्हणजे मान देणं. इथे अंधारात पोलिसाच्या दिशेने चालत जाणारा माणूस म्हणजे हल्ला करायला येणारा माणूस. पोलीस ओरडला. बाबांना ओरडणं कळलं, शब्द कळले नाहीत, आणि त्यांनी चश्मा काढायला खिशात हात घातला. मित्र स्टिअरिंगवरचे हात न हलवता आरशात बघून ओरडला, "बाबा! बसा! हात वर करा!" आयुष्यात पहिल्यांदा तो बापाशी त्या आवाजात बोलला असेल. बाबा बसले. हात वर केले. काकू मागे राम राम म्हणत होत्या.

मग पोलीस खिडकीशी आला. मित्राने घोटलेलं वाक्य म्हटलं. पोलिसाने त्याला उतरवलं, गाडीकडे तोंड करून उभं केलं, स्वतःच होल्स्टरमधून पिस्तूल काढलं, मॅगझिन काढलं, चेंबरमधली गोळी काढली, आणि रेडिओवर पिस्तुलाचा क्रमांक वाचून दाखवला, चोरीचं आहे का ते बघायला. टेक्ससमध्ये स्वतःच्या सुरक्षेसाठी त्याला शस्त्र ताब्यात घेता येतं, पण सगळं ठीक असेल तर सोडताना परत द्यावं लागतं. दहा मिनिटांनी त्याने परत दिलं: रिकामं पिस्तूल डिकीत एका कोपऱ्यात, मॅगझिन दुसऱ्या कोपऱ्यात, सुटी गोळी मित्राच्या तळहातावर. "मी निघून जाईपर्यंत हे जोडू नका," एवढंच म्हणाला. बाबांना 'सर' म्हणाला.

त्याचे दिवे दिसेनासे होईपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही. मग बाबांनी मागून विचारलं, "किती दंड केला?"

दंड नव्हता, ताकीद होती. मागचा डावा दिवा लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बल्ब आणला आणि बाबांनीच तो बसवला.